भात, पेंढा आणि बांगडा: जैवरसायनशास्त्र शिकताना

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जैवरेणूंच्या चाचणीत मला वीसपैकी सहा गुण मिळाले. अभ्यास केला नव्हता असं नाही. अमिनो आम्लं वीस, त्यांच्या विसाच्या वीस रचना मी रात्री जागून घोटल्या होत्या. पेपरात मात्र विचारलं होतं की भात आणि पेंढा दोन्हींत ग्लुकोजच, मग माणसाला भात पचतो आणि पेंढा का पचत नाही? त्या प्रश्नाची जागा मी कोरीच सोडली.

त्या शनिवारी एसटीने घरी गेले. सकाळी आजीने उकड्या तांदळाची पेज वाढली आणि मागच्या गोठ्यात गाय पेंढा चघळत होती. एकाच शेतातलं, एकाच रोपाचं दोघींचं खाणं. पेजेतल्या स्टार्चमध्ये ग्लुकोजचे मणी अल्फा बंधाने जोडलेले असतात, त्यामुळे साखळी स्प्रिंगसारखी वळते आणि तिच्यात पाणी शिरतं. पेंढ्यातल्या सेल्युलोजमध्ये बंध बीटा असतो. दर दुसरा मणी उलटा बसतो, साखळी सरळ राहते, आणि अशा कितीतरी साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून पडतात. आपलं अमायलेज हे पचनाचं विकर (एन्झाइम) फक्त अल्फा बंध तोडतं. विकर आणि रेणू यांचं कुलूप-किल्लीसारखं जुळणं एमिल फिशर यांनी 1894 मध्येच मांडलं होतं. गाईकडेही ही किल्ली स्वतःची नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तिच्यासाठी ते काम करतात.

अबोलीच्या वळेसरात फुलं तीच, पण गुंफण बदलली की वळेसर वेगळा दिसतो. जैवरेणूंचंही तसंच आहे, म्हणून नव्याने या विषयाकडे येणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते: नावं नंतर पाठ करा. समोरच्या रेणूत गाठ कशी बसली आहे आणि त्याचं पाण्याशी जमतं की नाही, हे आधी विचारा. बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप सुटतं.

प्रॅक्टिकलला बेनेडिक्टची परीक्षा असते. तांब्याचं निळं द्रावण ग्लुकोजबरोबर तापवलं की तळाशी लालसर साका येतो. पुस्तकात विटेचा रंग म्हणतात, मला तो ओल्या जांभ्या दगडासारखा वाटतो. मी घरची साखर घेतली तर द्रावण निळंच राहिलं. द्रावण खराब झालंय असं समजून मी दोनदा नवीन केलं. चूक द्रावणाची नव्हती. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे तांब्याशी क्रिया करणारे नेमके कोपरेच एकमेकांत अडकलेले असतात. थोडं सौम्य आम्ल घालून उकळलं, सोड्याने आम्ल मारलं, की गाठ सुटलेली असते आणि जांभा दिसतो. घरी करायचं असेल तर आयोडीनचा थेंब कोवळ्या नाही, जून कैरीच्या फोडीवर टाका, फोड निळीकाळी होते. तोच आंबा अढीत पिकला की रंग जेमतेम येतो, कारण स्टार्चची साखर झालेली असते.

माडाच्या नीरेतली गोडी याच साखरेची. ऊन चढलं की यीस्ट ती खातं आणि माडी होते. या नीरेच्या पोषणमूल्यावर जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी मुंबईत काम केलं. 1933 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परतल्या. हे नाव मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

आता मेद. हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण तो सगळा आमच्या फडताळात होता. खोबरेल थंडीत थिजतं आणि उन्हाळ्यात पातळ असतं. भेगांना लावायचा कोकमतेलाचा गोळा मात्र मे महिन्यातही घट्ट, तळपायावर चोळल्यावर विरघळतो. खोबरेलातलं मुख्य मेदाम्ल लॉरिक, बारा कार्बनांचं. साखळी आखूड, पकड हलकी, साधारण 24 अंशांला सुटते. कोकमात अठरा कार्बनांचं स्टिअरिक भरपूर असतं, लांब आणि सरळ, म्हणून ते 40 अंशांच्या आसपास वितळतं. मग तारलीचं तेल? त्याच्या बऱ्याच साखळ्या वीस-बावीस कार्बनांच्या, म्हणजे आणखी लांब, तरी ते थंडीतही वाहतं. कारण त्यांत पाच-सहा दुहेरी बंध असतात आणि प्रत्येक बंधापाशी साखळी वाकते. वाकडी लाकडं रचली तर मोळी घट्ट बसत नाही, तसंच. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं, तिथे पेशींची आवरणं थिजून चालणार नाहीत. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी संपृक्त (दुहेरी बंध नसलेलं) आणि असंपृक्त (दुहेरी बंध असलेलं) हे शब्द पाठ करायची गरज उरली नाही.

डीएनएवर इथे फार लिहीत नाही, शाळेपासून तोच जास्त शिकवतात. एक प्रयोग मात्र करा. पिकलेलं केळं कुस्करा, त्यात मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड घाला, गाळा, वरून फ्रीजमधलं गार स्पिरिट हळूच सोडा. साबण आवरणांचा मेद फोडतो, मीठ डीएनएतल्या फॉस्फेटचा ऋणभार झाकतं, आणि पांढरे तंतू वर येतात. त्यात पेक्टिनही मिसळलेलं असतं, तरी आपल्या हाताने डीएनए बाहेर काढल्याचा आनंद खराच.

प्रथिनांसाठी बांगड्याला आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून ठेवा. थोड्या वेळाने मांस वरून पांढुरकं होतं. आम्लाने प्रथिनाची घडी उलगडली, साखळीतला अमिनो आम्लांचा क्रम मात्र तसाच राहिला. वासही कमी होतो, कारण माशाला वास देणारं ट्रायमिथिलअमाईन अल्कधर्मी असतं, आम्लाशी त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. आजी हे आयुष्यभर करत आली.

बारावीचं आम्ल-अल्क संतुलन आणि पीएच कच्चं ठेवून इकडे येऊ नका, पहिल्या सत्रातच अडाल. मराठी माध्यमातून आलेल्यांनी वहीत प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहावी, मी तीन वर्षं तसं केलं. कोकणातच राहायचं असेल तर मासळी, काजू, आंबा प्रक्रिया यांच्या प्रयोगशाळांत कामं असतात. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ.

मी एम.एस्सी.नंतर मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात लागले. आल्या आल्या मला हिस्टामिनची तपासणी दिली. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल सुटं आणि भरपूर असतं. बर्फ कमी पडला की जीवाणू त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात आणि हिस्टामिन उरतं. ते शिजवून जात नाही, खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं दुखतं. पहिल्याच आठवड्यात एका गाडीतल्या बांगड्याचा आकडा वर गेला. बांगडा दिसायला चांगला होता, वासही नव्हता. सुपरवायझरने विचारलं, 'मॅडम, खरंच परत पाठवायचा?' मी वहीच्या मागच्या पानावर त्याला हिस्टिडीनची पाचकोनी कडी काढून दाखवली, तिच्या शेपटीवरचा आम्लाचा गट पेनाने खोडला आणि म्हटलं, एवढंच झालंय या माशात. त्याने पान नीट पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.