बीजीएमआयमध्ये मारणारा बॉट, हॅकर की नुसता लॅग? या चुका टाळा

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये मेलो की माईकवर पहिला शब्द काय, तर "हॅकर आहे रे!" बॉट असो, खरा चीटर असो नाहीतर आपलंच नेट गंडलेलं असो, शिवी एकच. पण भावांनो, तिघांचा इलाज वेगळा आहे, आधी कोण होता ते तर बघा.

बॉट म्हणजे कंप्युटरने चालवलेले प्लेअर, ते गेमनेच टाकलेले असतात, खालच्या टियरला (लेव्हलला) मॅच भरायला. सहसा उघड्यावरच उभे राहतात आणि सुरुवातीच्या गोळ्या इकडेतिकडे मारतात. त्यांना रिपोर्ट करण्यात टाइम घालवू नका.

लॅगचं, म्हणजे नेटमुळे गेम मागे पडण्याचं, प्रकरण जास्त फसवं. भिंतीमागे गेलो तरी मेलो असं वाटतं, कारण आपल्या स्क्रीनवर आपण आत गेलेलो असतो पण सर्व्हरपर्यंत ते पोचलेलंच नसतं. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) लाल दिसत असेल तर आधी नेट बघा, घरात वायफायवर कोणी मोठं डाउनलोड लावलंय का ते विचारा.

आता खरा चीटर. एका हेडशॉटवरून कोणालाही हॅकर ठरवू नका, पायांचा आवाज ऐकून समोरचा दिसायच्या आधीच गोळी मारणारे (प्रीफायर) चांगले प्लेअर खूप आहेत. सेटिंगमध्ये डेथ रिप्ले (आपण कसे मेलो ते परत दाखवणारं) चालू ठेवा आणि मेल्यावर तडक लॉबीत पळू नका, स्पेक्टेट करून त्याची पुढची फाइट बघा, आवाज नसताना त्याचा क्रॉसहेअर (नेमाचं चिन्ह) भिंतीआडच्या माणसाबरोबर सरकतोय का, लांबून पूर्ण मॅगझिन मारली तरी गन जागची हलत नाहीये का. असं दिसलं तर स्क्रीन रेकॉर्ड करा आणि तिथूनच योग्य कारण निवडून रिपोर्ट टाका. रागात पाच-सहा जणांना उगाच रिपोर्ट करत सुटलात तर खरा चीटर शोधायला काय मदत होणार?

सगळ्यात वाईट चूक म्हणजे "तो वापरतो तर मी पण". नो-रिकॉइल फाइल (गनचा झटका घालवणारी), मॉड एपीके (गेमचं बदललेलं ॲप), ते "अँटी-बॅन" वगैरे काही काही टाकू नका. असली ॲप मेसेज वाचायची, ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची-दाबायची) परवानगी मागतात आणि त्याच फोनवर घरच्यांचं बँकेचं ॲप असतं, याची मला खरंच भीती वाटते. शिवाय गेमवाल्या क्राफ्टन कंपनीने डिसेंबर २०२१ पासून चीटरचा अकाउंटच नाही तर फोनसुद्धा कायमचा बॅन करायला सुरुवात केली. म्हणून सेकंडहँड फोन घेताना पैसे देण्याआधी त्यावर गेम टाकून लॉगिन करून बघाच.

पीसीवाल्यांनो, तुम्हीही ऐका. २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या टीमचा एक प्लेअर काउंटर-स्ट्राइक या पीसी गेममध्ये चीट वापरताना पकडला गेला, फाइलला नाव दिलं होतं वर्ड डॉट ईएक्सई. त्याच्यापायी अख्खी टीम बंद झाली, बाकीच्या पोरांची काय चूक होती?

आणि टेलिग्रामवर "पैसे टाक, अनबॅन करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, बॅनची तक्रार फक्त गेमच्या कस्टमर सपोर्टकडे. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.