युद्धात गेलेल्या तरुण पायलटची आठवण कशी ठेवायची (फॉरवर्ड न करता)

दरवर्षी 22 जुलैच्या आसपास कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो मेसेज येतोच, "पहिले भारतीय पायलट इंद्रलाल रॉय यांना शत शत नमन", खाली दिवा, तिरंगा आणि भलत्याच विमानाचा फोटो. रॉय गेले ते 22 जुलै 1918 ला, पहिल्या महायुद्धात. मी पण दोन वर्षं तो तसाच पुढे ढकलला. तिसऱ्या वर्षी भाचीने विचारलं, मामा, 1918 ला तर इंग्रज होते ना मग हा तिरंगा कुठून आला, आणि मी गप. तेव्हापासून जे करतो ते इथे लिहितोय, तुमच्या घरातलं किंवा गावातलं कोणी हवाई दलात असताना गेलं असेल तर त्यालाही हेच चालेल.

आधी माणूस पक्का करा. नाव, हुद्दा, स्क्वाड्रन (हवाई दलातली तुकडी), गेल्याची तारीख, आणि दफन कुठे केलंय किंवा नाव कुठे कोरलंय, या पाच गोष्टी वहीत लिहून घ्या, बाकी सगळं नंतर. दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (युद्धात गेलेल्यांच्या समाध्या सांभाळणारी संस्था) साइट आहे, शोधायला पैसे लागत नाहीत. तिथे पूर्ण नाव टाकू नका, नुसतं आडनाव टाका आणि वर्ष निवडा, कारण आपली नावं तेव्हाच्या क्लार्कने जशी ऐकली तशी लिहिलीत. आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर घ्या, 23 स्क्वाड्रन, 30 जून 1918 ला गेला, फ्रान्समध्ये हँगार्ड गावाच्या स्मशानभूमीत आहे, पण तुम्ही 'व्ही'ने शोधलंत तर सापडणार नाही, 'डब्ल्यू'ने शोधा. पहिल्या महायुद्धात फायटर उडवणारे भारतीय म्हणून चारच नावं पुन्हा पुन्हा येतात, रॉय, वेलिणकर, एरोल सेन आणि हरदित सिंग मलिक. सेन जर्मनांच्या कैदेत गेले आणि सुटले, मलिक पुढे राजदूत झाले, बाकीचे दोघे परत आलेच नाहीत. त्यामुळे ते "पहिले पायलट" वगैरे सोडा, रॉय हा पहिला भारतीय 'एस' होता, म्हणजे पाच किंवा जास्त विमानं पाडलेला, एवढं लिहिलं तरी पुरतं.

स्वातंत्र्यानंतरचा जवान असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात बघा, 2019 ला उघडलं, त्यागचक्राच्या भिंतींवर एकेक नाव कोरलेलं आहे.

आणि समाधीच सापडली नाही तर खचू नका. विमानं समुद्रात पडली, ब्रह्मदेशच्या जंगलात पडली, कित्येक जण मिळालेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात आशियात बेपत्ता झालेल्या वैमानिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत, पश्चिम युरोपच्या बाजूची इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर, तिथे वीस हजारांच्या वर आहेत. नाव कोरलेला दगड हीच त्यांची जागा.

आता महत्त्वाचं. त्याच्याबद्दलची एकच गोष्ट निवडा आणि तीच सांगा, सगळी कारकीर्द नको. रॉयबद्दल लोक आकडे सांगतात, तेरा दिवसांत दहा विमानं, मरणोत्तर डीएफसी (हवाई शौर्यासाठीचं ब्रिटिश पदक), सगळं खरं आहे, पण पोरांना ते लक्षात राहत नाही. मी सांगतो मोटरसायकलची गोष्ट. कलकत्त्यात जन्मलेला, लंडनच्या शाळेत शिकणारा हा मुलगा रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये (तेव्हाचं ब्रिटिश हवाई दल) भरती व्हायला गेला तर डोळे कच्चे म्हणून परत पाठवला, याने काय केलं तर स्वतःची मोटरसायकल विकली, त्या पैशात डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं, आणि तो निकाल फिरवून आणला. गेला तेव्हा वय वर्षं एकोणीस. आमच्याकडे एकोणीसचा एक आहे, त्याची बाइक विकायची म्हटलं तर घरात उपोषण होईल, म्हणून तर गोष्ट चटकन पोचते.

इंग्रजांसाठी लढला त्याचं काय कौतुक, असं कोणीतरी म्हणणारच. त्यावर मी वाद घालत नाही. ते लपवू नका, तिरंगा चिकटवू नका, ज्या गणवेशात होता त्या गणवेशातलाच फोटो लावा आणि काय झालं ते सांगा.

घरात जुने कागद असतील तर लॅमिनेट अजिबात करू नका, आमच्या एका काकांनी आजोबांच्या भावाचा फोटो केला होता, दहा वर्षांत पिवळा पडला आणि आता सोलता पण येत नाही. सेलोटेपही नको. मोबाइलवर स्कॅन करा, मागे मऊ पेन्सिलने नाव आणि साल, पेनाने नाही. लॉगबुक मिळालं तर तुमचं नशीब, प्रत्येक उड्डाणाची तारीख आणि वेळ त्यात असते, शेवटच्या पानाचा फोटो आधी काढा.

जायचं असेल तर फ्रान्सच कशाला, पुण्यात खडकीला वॉर सिमेट्री आहे, दुसऱ्या महायुद्धातले साडेसोळाशेच्या वर लोक तिथे आहेत. रांगेतून हळू चालत जा, ज्या दगडावर वर पंख पसरलेला गरुड दिसेल तो रॉयल एअर फोर्सचा. खाली नंबर, हुद्दा, नाव, तारीख, बहुतेक वेळा वय, आणि अगदी तळाला घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ. ती ओळ वाचायला वाकावं लागतं. सगळेच लढाईत गेले असं समजू नका, आजारपण आणि अपघात पण भरपूर. यातला एक निवडा, घरचं कोणी हजारो मैलांवरून येणार नाहीये. फुलं जमिनीवर ठेवा, दगडाला हळद-कुंकू, तेल, खडू काही लावू नका, अक्षरं फोटोत येत नसतील तर सकाळी किंवा उतरत्या उन्हात बाजूने फोटो काढा. व्हिजिटर बुक असेल तर नाव लिहा.

रॉयच्या समाधीवर, फ्रान्समध्ये एस्तव्हेलला, बंगालीत कोरलंय, अर्थ साधारण असा की ही महावीराची समाधी आहे, मान राखा, हात लावू नका. हे सांगितलं की पोरं दगडावर चढायची थांबतात, अनुभव आहे.

मग कॅलेंडरला रिमाइंडर लावा. त्या दिवशी जेवणाआधी पाच मिनिटं, वही काढायची, नाव-तारीख वाचायची, ती एक गोष्ट सांगायची, झालं. 22 जुलै टाकलीत की 30 जून पण टाका, वेलिणकरचा फॉरवर्ड मला तरी आजवर आलेला नाही.