व्हायोलिन आणि पियानो यांची मैफल: दोन वादकांनी तयारी कशी करावी

व्हायोलिन आणि पियानो यांची मैफल ठरली की पुष्कळ वादक पहिली चूक तालमीला बसण्याआधीच करतात. व्हायोलिनवादक हा मुख्य कलाकार आणि पियानोवादक हा त्याचा साथीदार, असे ते मनोमन ठरवून टाकतात. या जोडीसाठी लिहिलेल्या रचना मात्र वेगळे सांगतात. मोत्सार्टचे बालपणीचे सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीच्या, बहुधा अनेक भागांच्या रचना) 1764 मध्ये पॅरिसला छापले गेले ते व्हायोलिनच्या साथीसह वाजवता येतील असे हार्पसिकॉर्डचे (पियानोआधीच्या कळवाद्याचे) सोनाटा म्हणून, आणि बीथोव्हेनच्या सोनाटांच्या मूळ शीर्षकांतही पियानोचे नाव आधी येते. म्हणून तयारीची सुरुवात स्वरलेखनाच्या वाचनापासून करावी, आणि तीही दोघांनी एकत्र बसून. पियानोवादकासमोर दोन्ही वाद्यांचे लेखन असते, व्हायोलिनवादकासमोर मात्र फक्त स्वतःची ओळ असते. त्यामुळे व्हायोलिनवादकाने पहिले काही दिवस पियानोची संपूर्ण प्रत समोर ठेवूनच सराव करावा आणि आपल्या प्रत्येक लांब स्वराखाली पियानो काय करतो आहे हे पेन्सिलने आपल्या प्रतीवर टिपून घ्यावे.

कार्यक्रम निवडताना रचनांच्या लांबीचा अंदाज हवा. बीथोव्हेनचा ‘क्रॉइत्झर’ सोनाटा सुमारे 40 मिनिटांचा आहे, सेझार फ्रांकचा सोनाटा अर्ध्या तासाच्या आतबाहेर जातो, आणि देब्यूसीचा 1917 मधील सोनाटा साधारण 14 मिनिटांत संपतो. ‘क्रॉइत्झर’ आणि फ्रांक एकाच संध्याकाळी घेता येतात, पण ते वादकांच्या हातांची आणि श्रोत्यांच्या कानांची परीक्षा पाहणारे ठरते. माझ्या मते एका मोठ्या रचनेभोवती दोन लहान रचना ठेवणे अधिक योग्य. मोत्सार्टचा ई मायनरमधील दोनच भागांचा सोनाटा मैफलीच्या आरंभी फार शोभतो, कारण त्यात लपायला जागा नाही आणि दोन्ही वादकांचे कान पहिल्या ओळीपासून जागे होतात.

तालमीचा सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणजे रचना सुटी करून वाजवणे. पियानोवादकाने फक्त डावा हात वाजवावा आणि व्हायोलिनने त्यावर आपली ओळ धरावी. नंतर पियानोवादकाने व्हायोलिनची ओळ गात आपला भाग वाजवावा. गाता गाता त्याला गज कुठे बदलतो आणि वाक्य कुठे श्वास घेते हे आपोआप कळते. फ्रांकच्या सोनाटाच्या शेवटच्या भागात पियानो जी धून आरंभतो तीच धून व्हायोलिन एका मापाच्या (तालाच्या एका आवर्तनाच्या) अंतराने मागून उचलतो. तेथे दोघांनी वाक्याचा चढउतार एकसारखा ठरवला नसेल तर दोन माणसे एकच कविता वेगवेगळ्या जागी थांबत वाचत आहेत असे वाटते. याच सोनाटाच्या डिसेंबर 1886 मधील ब्रुसेल्सच्या वादनाची आठवण फ्रांकचे शिष्य, संगीतकार विन्सेंट द’आंदी यांनी सांगितली आहे: संग्रहालयाच्या दालनात कृत्रिम दिव्यांना परवानगी नव्हती, अंधार पडत गेला, आणि व्हायोलिनवादक युजेन इझाई व पियानोवादक लिओंतिन बोर्द-पेन यांनी उरलेले भाग कागद दिसत नसताना पूर्ण केले. आपल्यावर तशी वेळ येईलच असे नाही, पण समोरच्याचा भाग कानात इतका मुरलेला असावा, हे ध्येय तालमीत जरूर ठेवावे.

सुरांचा प्रश्न या जोडीत नाजूक आहे आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा. व्हायोलिनच्या जी, डी, ए आणि ई या चार तारा वादक शुद्ध पंचमांत लावतो, तर पियानोचे सर्व अर्धस्वर समान अंतरांवर जुळवलेले असतात. सेंट या सूक्ष्म मापाने मोजला तर शुद्ध पंचम सुमारे 702 सेंटचा असतो आणि पियानोचा 700 सेंटचा. अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट, या हिशेबात दोनचा फरक क्षुल्लक वाटतो. पण केवळ ए तार पियानोशी जुळवून बाकीच्या तारा शुद्ध पंचमांनी लावल्या, तर डी तार दोन सेंट, जी तार चार सेंट खाली राहते आणि ई तार दोन सेंट वर जाते. पियानोचा खोल जी आणि व्हायोलिनची मोकळी जी तार एकत्र वाजल्यावर हा फरक ऐकू येतो. म्हणून व्हायोलिनवादकाने पंचम किंचित आवळून लावावेत आणि जी व ई या तारा पियानोवर स्वतंत्रपणे तपासाव्यात. पियानोवादकाने नुसता ए देण्यापेक्षा डी मायनरचा स्वरसंघ (एकत्र वाजणारे स्वर) वाजवून त्यावर ए द्यावा. त्या आधाराने कान लवकर स्थिरावतो. सभागृहातील पियानोचा ए 440 हर्ट्झवर (सेकंदाला 440 कंपनांवर) लावला आहे की 442 वर, हे आधीच विचारून घ्यावे, म्हणजे व्हायोलिनच्या तारांना त्या ताणाची सवय होते. नव्या तारा मैफलीच्या आदल्या दिवशी कधीही चढवू नयेत. त्या बसायला काही दिवस लागतात आणि तोवर उतरत राहतात.

दोन वाद्यांचा आवाज मुळातच वेगळ्या रीतीने जन्मतो. पियानोची हातोडी तारेवर आदळते त्या क्षणी स्वर सर्वाधिक मोठा असतो आणि तेथून तो विरतच जातो. गजाने काढलेला स्वर मात्र उमलायला क्षणभर घेतो आणि नंतर हवा तसा वाढवता येतो. त्यामुळे एकत्र सुरू होणाऱ्या स्वरात व्हायोलिनवादकाने गज तारेवर आधीच टेकवून ठेवावा आणि लांब स्वर धरताना पियानोच्या विरण्याकडे कान द्यावा, नाहीतर खालचा स्वरसंघ संपून जातो आणि वर एकटा स्वर लोंबकळत राहतो.

समतोलाच्या बाबतीत दोष नेहमी पियानोच्या माथी मारला जातो आणि त्यावर उपाय म्हणून झाकण अर्धे बंद केले जाते. हा उपाय मला पटत नाही. अर्ध्या झाकणाने आवाज थोडा कमी होतो खरा, पण त्याबरोबर वरच्या सप्तकांची चमकही जाते. झाकण पूर्ण उघडे ठेवावे आणि पियानोवादकाने डाव्या हाताचे वजन व उजवे पेडल यांवर काम करावे, कारण व्हायोलिनला झाकणारा आवाज बहुधा तेथूनच येतो. बीथोव्हेनच्या काळातील पियानो आजच्या वाद्यापेक्षा पुष्कळ हलका होता. त्याने लिहिलेले ‘फोर्ते’ (मोठ्या आवाजात वाजवण्याची खूण) आजच्या मोठ्या पियानोवर जसेच्या तसे घेतले तर ते मूळ अपेक्षेपेक्षा जड होते. मात्र आवाज आवरण्याची जबाबदारी एकट्या पियानोवादकाची नाही. बीथोव्हेनच्या ‘स्प्रिंग’ सोनाटात पहिली धून व्हायोलिन गातो आणि लगेच तीच धून पियानोकडे जाते. त्या क्षणापासून व्हायोलिन हा साथीदार असतो. तेथे व्हायोलिनवादकाने मागे सरले पाहिजे, कंप कमी केला पाहिजे, गज हलका केला पाहिजे. हे न करणारे वादक मी वारंवार ऐकले आहेत आणि दर वेळी त्या सुंदर धुनेबद्दल वाईट वाटते.

सभागृहात उभे राहण्याची जागा पियानोच्या वळणाजवळ, कळपट्टीच्या बाजूला थोडी सरकून घ्यावी. व्हायोलिनवरील एफ-छिद्रे (इंग्रजी f च्या आकाराची, आवाज बाहेर सोडणारी छिद्रे) श्रोत्यांकडे वळली पाहिजेत, पण तसे उभे राहिल्यावर पियानोवादकाकडे अर्धी पाठ होते. नजरानजर अशा वेळी भरवशाची नसते, म्हणून सुरुवातीचा इशारा श्वासाने आणि उजव्या खांद्याच्या हालचालीने द्यावा, आणि तो श्वास पुढच्या लयीचाच असावा. ‘क्रॉइत्झर’च्या आरंभी व्हायोलिन एकटा चार मापे वाजवतो आणि फ्रांकच्या सोनाटात पियानो एकटा सुरू होतो, तेव्हा लय कोण ठरवणार हे स्पष्ट असते, इतर ठिकाणी मात्र प्रत्येक भागासाठी ते आधी बोलून ठेवावे. तालमीत एखाद्या जाणकाराला शेवटच्या रांगेत बसवावे. श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात गुंजन कमी होते, त्यामुळे रिकाम्या सभागृहात थोडी जास्त वाटणारी घुमारी सहसा सोडून द्यावी.

पाने उलटणारी व्यक्ती पियानोवादकाच्या डावीकडे बसते. तिने पान डाव्या हाताने वरच्या कोपऱ्यातून उलटावे, म्हणजे हात वादकाच्या आड येत नाही. पुनरावृत्ती कोणती घेणार, हे तिला आधी सांगून प्रतीवर ठळक खूण करावी. टॅब्लेट वापरत असल्यास पायाने पाने बदलणारे बटण त्याच दिवशी तपासावे आणि छापील प्रत हाताशी ठेवावी.

मैफलीच्या दिवशी पियानो सकाळी लावून घ्यावा आणि तालमीनंतर पुन्हा तपासून घ्यावा. व्हायोलिनवादकाने जादा तारा, गजाची राळ आणि म्यूट (आवाज मंद करणारा चिमटा) जवळ ठेवावेत. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, तेव्हा दोन भागांमध्ये घाई न करता एकदा ए मागून घेण्यात कमीपणा नाही. वादन मध्येच चुकले तर कोण कोणाकडे जाईल हेही ठरलेले असावे: दोन्ही ओळी पियानोवादकासमोर असल्यामुळे बहुतेक वेळा त्यानेच व्हायोलिनला जाऊन मिळावे आणि व्हायोलिनवादकाने न थांबता पुढे जावे.

शेवटचा स्वर संपल्यावर व्हायोलिनवादकाने गज लगेच खाली आणू नये. पियानोवादकाचा पाय पेडलवरून उठेपर्यंत तो गज हवेत राहू द्यावा, मग दोघांनी एकाच वेळी हात सोडावेत, आणि पियानोवादक उठून शेजारी येऊन उभा राहिल्यानंतरच दोघांनी मिळून अभिवादन करावे.