मुंग्यांची रांग दिसली की आधी फडकं खाली ठेवा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत माझ्या ओट्यावर रांग लागते. कोथरूडला डहाणूकर कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर मी अठरा वर्षं राहते. त्यातली अकरा वर्षं घरूनच लाडू, चिवडा आणि उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. गूळ, खोबरं, तूप सतत हाताशी, त्यामुळे मुंग्यांशी रोजची गाठ. मातीत पाणी मुरलं की त्यांची घरटी ओली होतात आणि त्या कोरडी जागा शोधत भिंतींतून वर येतात.

चार वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर ओट्यामागे बारीक पिवळट मुंग्या झाल्या. मी औषध फवारणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने रांगेवर भरपूर फवारलं, दोन दिवस सगळं शांत होतं. आठवड्याने ओटा, देव्हारा आणि बाथरूम अशा तीन ठिकाणी मुंग्या! या जातीच्या एका घरट्यात बऱ्याच राण्या असतात. फवारा बसला की थोड्या राण्या, थोड्या कामकरी मुंग्या फुटून वेगळं बिऱ्हाड करतात, हे मला नंतर कळलं. मोदकांच्या दोन ऑर्डरी मला रद्द कराव्या लागल्या. त्या दोन्ही घरच्या काकूंना फोन करताना मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून आता रांग दिसली की मी पहिल्यांदा ती पुसत नाही. टॉर्च घेऊन तिच्यामागे जाते. पाइप गॅसच्या नळीचं भोक, सिंकखालची फट, कडाप्पा आणि टाइल्स जुळतात ती जागा, स्विचबोर्ड, खिडकीची चौकट, यांतलंच काहीतरी निघतं. बाहेर दिसतात त्या मुंग्या घरट्यातल्या थोड्याच. त्या मारून काही होत नाही, राणी आत अंडी घालतच असते.

मग चव बघायची. कागदाच्या एका तुकड्यावर गुळाच्या पाकाचा थेंब, दुसऱ्यावर चिमूटभर दाण्याचं कूट, दोन्ही रांगेजवळ ठेवायचे. तासाभरात कुठे गर्दी होते ते दिसतं. बहुतेक वेळा गोडाकडे जातात, पण कधीकधी त्याच मुंग्या गोड सोडून कुटाला लागतात. हे न बघता आमिष ठेवलं तर ते तसंच वाळून जातं.

आमिषाला बोरिक पावडर औषधाच्या दुकानातून आणा. कॅरमच्या डब्यातली वापरू नका, हल्ली त्यात बोरिक असेलच असं नाही. एक कप म्हणजे २०० मिली कोमट पाणी, चार चहाचे चमचे साखर आणि बोरिक फक्त अर्धा चमचा, तोही सपाट. जास्त घातलं की लवकर काम होईल असं वाटतं, पण होतं उलट. मुंगी वाटेतच मरते आणि घरट्यापर्यंत काहीच पोचत नाही. कमी असलं तर ती पोटात भरून नेते आणि तोंडातून पिल्लांना, राणीला भरवते. आपल्याला हवं ते हेच. कापसाचे बोळे यात भिजवून बाटल्यांच्या झाकणांत ठेवा. कूट आवडत असेल तर दहा चमचे कुटात पाव चमचा बोरिक आणि थोडं तेल.

पहिल्या दिवशी गर्दी वाढते, त्या दिवशी हात आवरा. माझ्या सासूबाईंना ते बघवत नसे, त्या फडकं घेऊन धावायच्या. मी त्यांना म्हणायची, "आई, चार दिवस राहू द्या." बोळे दर दोन दिवसांनी बदलायचे. चार दिवसांत रांग विरळ होते, पुरती जायला दोन आठवडेही लागतात.

बोरिक पोटात जाणं माणसालाही धोक्याचं आहे. झाकणं ओट्यावर नाही, सिंकखाली किंवा कपाटामागे ठेवा, रांगतं मूल किंवा कुत्रा-मांजर पोचणार नाही अशी. मिश्रणाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका. मुंग्यांचा खडूसुद्धा कीटकनाशकच असतो. डब्यांभोवती त्याच्या रेघा ओढू नका.

रांग संपली की साबणाच्या पाण्याने वाट पुसून काढा, तिचा वास राहिला की दुसऱ्या मुंग्या त्याच वाटेने येतात. हळद, कापूर, लवंगा मी सगळं करून पाहिलं आहे. त्या थोड्या वेळ वळसा घालतात, एवढंच. वाट पुसल्यावर फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. स्विचबोर्डात मात्र पाणी, सिमेंट, फवारा काहीच नको, शेजारी आमिष ठेवा.

एवढं करूनही एका वर्षी मुंग्या येतच राहिल्या. शेवटी सापडलं ते गॅलरीतल्या जास्वंदीवर. कळ्यांवर पांढरे पिठ्या ढेकूण होते. त्यांच्या अंगातून गोड चिकटा निघतो, मुंग्या तो पितात आणि बदल्यात त्यांना राखतात. शेजारच्या दादांनी, "वहिनी, कुंडीच टाकून द्या," म्हटलं, पण माझी रोजची पूजेची फुलं तिचीच. मग खराब शेंडे छाटले, साबणाच्या पाण्याने फांद्या धुतल्या, आठवड्यातून एकदा असं तीनदा केलं. कुंडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. त्यानंतर त्या वाटेने मुंगी आली नाही.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले तर एक उचलून नीट बघा. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर ती वाळवी. तिथे हे आमिष चालत नाही, लाकडी चौकटी तपासायला माणूसच बोलवा.