कोडचं कोणतं रूप तुमच्या टूलला लागतं?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी मुलं कंपायलरचा पेपर देऊन आता लिंटर (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं टूल), फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारं) किंवा एडिटरचं प्लगइन लिहायला घेतायत, त्यांनी आधी एवढं ठरवावं: आपल्या टूलला कोडमधलं नेमकं काय दिसायला हवं?

फॉरमॅटरला रिकाम्या जागा, कंस, कॉमेंट सगळं लागतं. एएसटीत, म्हणजे कंपायलर कोडचं जे रचना-झाड बनवतो त्यात, साध्या कॉमेंट उरत नाहीत. त्यावरून कोड परत छापला की त्या गायब. तिथे रस्ट भाषेचं एडिटर-टूल रस्ट-ॲनालायझर वापरतं त्या रोवन लायब्ररीसारखं, एक अक्षरही न गाळणारं झाडच हवं.

लिंटरचं तसं नाही. रावेरच्या केळीचा हिशोब करणारा छोटा सी प्रोग्राम घ्या: भाव इंट, वजन डबल, आणि ‘भाव * वजन’. क्लँग या सी कंपायलरचा एएसटी डंप (झाडाची छापील यादी) काढून बघा. गुणाकाराच्या नोडखाली ‘भाव’ थेट सापडत नाही. मध्ये दोन अदृश्य कास्ट, म्हणजे कंपायलरने स्वतःच घातलेली रूपांतरं, बसलेले असतात: एक व्हेरिएबलमधली किंमत वाचणारा, दुसरा इंटचा डबल करणारा. नवख्यांचे मॅचर (झाडात ठरावीक आकार शोधणारे नियम) इथेच रिकामे परत येतात. ‘इग्नोरिंग-पॅरेन-इम्प-कास्ट्स’ लावा, लगेच सापडेल. डंप वाचल्याशिवाय मॅचर लिहायला बसूच नका, हा आमचा आग्रह आहे.

नाव बदलणं, टाइप दाखवणं यासाठी आणखी वरचं, नावांचे अर्थ लागलेलं रूप हवं. रस्टमध्ये ते एचआयआर, म्हणजे कंपायलरने सोपं करून घेतलेलं आतलं रूप. तिथे कंस गळतात, ‘फॉर’चं ‘लूप’ आणि ‘मॅच’ होतं. त्यामुळे लिंट कधीकधी वापरणाऱ्याने लिहिलाच नाही अशा ‘मॅच’वर ओरडतो. इशारा देण्याआधी तो स्पॅन (कोडमधला तेवढा तुकडा) मॅक्रो किंवा अशा रूपांतरातून आलाय का, हे तपासाच.

आणि आपल्याला हमखास नडणारी गोष्ट म्हणजे कॉलम. एडिटर आणि भाषेचं टूल ज्या नियमांनी बोलतात तो लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल कॉलम, म्हणजे ओळीतली जागा, शून्यापासून आणि मुळात यूटीएफ-१६ एककांत मोजतो. क्लँग 1 पासून, बाइटमध्ये. ‘जळगाव’ यूटीएफ-१६ मध्ये 5 एककं, यूटीएफ-८ मध्ये 15 बाइट. क्लँगच्या कॉलममधून 1 वजा केला, पण बाइटचं रूपांतर केलं नाही, तर ओळीत हा शब्द आधी आला की चुकीखालची लाल रेघ 10 घरं पुढे सरकते. प्रोटोकॉलच्या 3.17 आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हर एककं आपसात ठरवू शकतात, पण जुने एडिटर तसं करतीलच असं नाही. म्हणून रूपांतराचं फंक्शन एकाच ठिकाणी लिहा आणि पहिल्याच टेस्ट फाइलमध्ये व्हेरिएबलच्या आधी एक मराठी स्ट्रिंग टाका.