जुनी कॅरॅव्हॅन जोडण्यापूर्वी हुकवरचा भार मोजा

सामान भरलेली कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा. जोडणीच्या टोकाखाली वजनकाटा ठेवून त्यावर टो-बॉलच्या (गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन अडकवायच्या गोळ्याच्या, म्हणजेच हुकच्या) उंचीचा लाकडी ओंडका उभा करा. काट्यावर कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार यावा, म्हणजे ८०० किलोला ४० ते ५६ किलो. गाडीच्या टो-बारची (टो-बॉल ज्यावर बसतो त्या दांड्याची) भार-मर्यादा कमी असेल तर तीच पाळा. भार कमी पडला की कॅरॅव्हॅन झोके खाते. जास्त झाला की जुन्या गाडीच्या थकलेल्या मागच्या स्प्रिंगा बसतात, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं. कॅरॅव्हॅनमधलं जड सामान चाकांच्या आसाजवळ, तळाशीच हवं. झोके सुरू झालेच तर ब्रेक अजिबात दाबू नका! स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा.