नाशिकहून भव्य संगीत नाट्यप्रयोग पाहायला जाताना: कमी खर्चात चांगली जागा कशी निवडावी

मुंबईत लागलेला एखादा भव्य संगीत नाट्यप्रयोग पाहायचा म्हटले, की घरात पहिला प्रश्न तिकिटाच्या दराचा निघतो आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. माझ्या मते हिशेबाची ही सुरुवातच चुकीच्या टोकाने होते. नाशिकहून जाणाऱ्या प्रेक्षकाचा खर्च तिकीट, प्रवास, खाणेपिणे आणि रात्री उशिरा घर गाठणे अशा चार ठिकाणी विभागलेला असतो, आणि त्यांपैकी शेवटचे तीन खर्च मुख्यतः प्रयोग किती वाजता संपतो यावर ठरतात. म्हणून आधी प्रयोगाची वेळ निवडावी, मग परतीची गाडी निश्चित करावी आणि उरलेल्या रकमेत मिळणारी सर्वांत योग्य जागा घ्यावी. मोठ्या संगीत प्रयोगात ही योग्य जागा सर्वांत महागड्या रांगांमध्ये असतेच असे नाही, आणि कमी पैशांत जाणाऱ्या प्रेक्षकाला दिलासा देणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

ब्रॉडवे आणि लंडनच्या धर्तीचे प्रयोग आता आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आले आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र ३१ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. तेथील ग्रँड थिएटरमध्ये सुमारे २,००० प्रेक्षक बसतात. त्याच वर्षी मे महिन्यात तेथे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आले आणि मार्च २०२५ मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’. दुसरे महत्त्वाचे ठिकाण नरिमन पॉइंट येथील एनसीपीए. तेथील जमशेद भाभा नाट्यगृहात २०१६ साली ‘मुघल-ए-आझम’चे रंगमंचीय रूप प्रथम सादर झाले होते. ही दोन ठिकाणे मुंबईच्या दोन वेगळ्या भागांत आहेत, आणि नाशिककराच्या दृष्टीने त्यांचा प्रवासही वेगळा पडतो, हे आधीच लक्षात घ्यावे.

आधी शालिमार, मग मुंबई

ज्यांनी रंगमंचावर प्रत्यक्ष गायले जाणारे नाटक कधीच पाहिलेले नाही, त्यांनी पहिलाच अनुभव काही हजार रुपयांचा घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. शालिमारजवळचे महाकवी कालिदास कलामंदिर आणि सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह ही दोन्ही ठिकाणे शहराच्या मध्यभागी आहेत, तेथे सिटीलिंकच्या बसने जाता येते, आणि संगीत नाटकाचा प्रयोग लागला तर मुंबईच्या तुलनेत फारच थोड्या खर्चात तो पाहता येतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या काळात तर नाममात्र दरात नाटके पाहायला मिळतात. आपल्याकडे ही परंपरा १८८० सालच्या ‘संगीत शाकुंतल’पासून चालत आली आहे, आणि नाशिकचा तिच्याशी असलेला संबंध केवळ प्रेक्षकाचा नाही. ‘मत्स्यगंधा’ लिहिणारे वसंत कानेटकर नाशिकचे होते आणि ‘संगीत देवबाभळी’ लिहून दिग्दर्शित करणारे प्राजक्त देशमुखही नाशिकचेच आहेत. ‘देवबाभळी’मध्ये रंगमंचावर केवळ दोन अभिनेत्री असतात. तरीही गाणे कथेला पुढे कसे नेते, हे ज्याने तेथे कान देऊन ऐकले आहे, त्याला पुढे मुंबईत तीस-चाळीस कलाकारांचा ताफा पाहताना नेमके काय ऐकायचे आणि कुठे पाहायचे हे सांगावे लागत नाही.

कालिदासमध्ये जाल तेव्हा एक प्रयोग अवश्य करून पाहा. एका नाटकाला खाली पुढच्या रांगांत बसा आणि दुसऱ्याला बाल्कनीत. आपल्याला चेहरे जवळून पाहण्यात अधिक रस आहे की संपूर्ण चित्र पाहण्यात, हे एकदा कळले की मुंबईच्या तिकिटावर विनाकारण जास्त पैसे जात नाहीत.

जागा निवडताना

गद्य नाटकात डोळ्यांची हालचाल, ओठांवरचा ताण, थांबलेला हात या गोष्टींना मोल असते, म्हणून तेथे जवळची रांग महत्त्वाची. भव्य संगीत प्रयोगाची रचना निराळी असते. समूहनृत्यातील रांगा एकमेकींत मिसळून पुन्हा सुट्या होतात, नेपथ्याचे मजले वरखाली सरकतात, जमिनीवर प्रकाशाच्या आकृती पडतात; यांतले बरेचसे खालच्या पुढच्या रांगांतून दिसतच नाही. ‘मुघल-ए-आझम’मधील कथ्थक नर्तिकांच्या घेरांची आखणी बाल्कनीच्या मध्यभागातून जितकी स्पष्ट कळते, तितकी चौथ्या रांगेतून कळत नाही. अगदी पहिल्या दोन रांगांत तर रंगमंच उंच असल्यास नर्तकांची पावलेही झाकली जातात आणि अडीच तास मान वर करून बसावे लागते.

त्यामुळे माझा सल्ला असा की स्वस्त वर्गातली निवड करताना ‘किती जवळ’ याआधी ‘किती मध्यभागी’ हे पाहावे. खालच्या मजल्यावरची कडेची जागा आणि बाल्कनीतली मध्यभागाची जागा यांचे दर सारखे असतील, तर डोळे मिटून बाल्कनी घ्यावी. कडेला बसल्यावर आपल्या बाजूच्या विंगेजवळ घडणारा सगळा भाग कापला जातो, आणि मोठ्या प्रयोगात तर महत्त्वाचे प्रवेश अनेकदा विंगेजवळच सुरू होतात. नकाशावर एखाद्या जागेपुढे ‘दृश्य अंशतः झाकलेले’ अशा अर्थाची सूचना असेल, तर सवलत कितीही आकर्षक असली तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने ती जागा टाळावी.

आणखी एक जागा टाळण्यासारखी आहे, पण नकाशात ती निर्दोष दिसते: खालच्या मजल्यावरच्या अगदी शेवटच्या रांगा, ज्यांच्या डोक्यावर बाल्कनीचे छत पुढे आलेले असते. या छतामुळे नेपथ्याचा वरचा भाग दिसत नाही आणि वरून येणारा आवाजही दबलेला वाटतो. ‘फँटम’मध्ये पहिला अंक संपताना झुंबर कोसळण्याचा प्रसंग येतो. तो पाहण्यासाठी एवढा प्रवास करून यायचे आणि झुंबर वर असतानाच ते छताआड जायचे, ही निराशा टाळता येण्यासारखी आहे. याउलट मराठी संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या अगदी पुढे असतात, तेव्हा तेथे पाचव्या-सहाव्या रांगेसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. तो नाद ध्वनिक्षेपकातून आलेल्या नादापेक्षा वेगळा असतो, आणि ज्याने तो जवळून ऐकला आहे त्याला हे पटेल.

बाल्कनीत बसायचे ठरवले, तर घरातली साधी दुर्बीण सोबत ठेवावी. ती सतत डोळ्यांना लावून बसू नये. एकल गाणे सुरू झाले की चेहरा पाहण्यासाठी उचलावी आणि समूहदृश्य येताच खाली ठेवावी.

तिकिटाच्या हिशेबात करही धरावा. नाट्यप्रयोगाच्या प्रवेशाचा दर प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. त्याहून महाग तिकिटावर तो लागतो, आणि ऑनलाइन खरेदीत सेवाशुल्क निराळे पडते. म्हणून चौघांचा अंदाज जाहिरातीतल्या ‘पासून पुढे’ या आकड्यावर बांधू नये, तर पैसे भरण्याच्या अगदी शेवटच्या पानावरची रक्कम पाहून बांधावा. मधल्या वारचे प्रयोग आणि शनिवार-रविवारचे प्रयोग यांच्या दरांची तुलनाही करून पाहावी. स्वस्त वर्गातल्या मध्यभागाच्या जागा सर्वांत आधी संपतात, त्यामुळे विक्री सुरू होण्याचा दिवस लक्षात ठेवणे हीच या बाबतीतली मोठी बचत आहे.

प्रयोगाची वेळ आणि परतीची गाडी

पंचवटी एक्सप्रेसने सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडले की दुपारच्या प्रयोगासाठी भरपूर वेळ हाताशी राहतो. एनसीपीएला जायचे असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावे. वांद्रे-कुर्ला संकुलात जायचे असेल तर तेथून मेट्रो तीनने थेट बीकेसी स्थानक गाठता येते. खरा प्रश्न परतीचा आहे. पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून निघते. तीन वाजता सुरू झालेला अडीच तासांचा प्रयोग संपवून, दोन हजार माणसांच्या गर्दीतून बाहेर पडून ही गाडी पकडण्याचा बेत कागदावर जमतो, पण शेवटचा अर्धा तास घड्याळाकडे पाहण्यात जातो आणि नेमके त्याच अर्ध्या तासासाठी आपण आलेलो असतो. म्हणून दुपारच्या प्रयोगानंतर आठच्या सुमारास निघणाऱ्या अमरावती एक्सप्रेससारख्या, किंवा त्यानंतरच्या देवगिरीसारख्या गाडीचे आरक्षण करावे आणि निवांत मनाने नाटक पाहावे. वेळापत्रके बदलतात, तेव्हा आरक्षणाच्या दिवशी वेळ पुन्हा तपासून घ्यावी.

संध्याकाळचा प्रयोग दहाच्या पुढे-मागे संपतो. मग मुक्काम करावा किंवा मध्यरात्रीनंतरची गाडी घ्यावी, हे दोनच मार्ग उरतात. रात्री बाराच्या पुढे सुटणाऱ्या महानगरीसारख्या गाडीने येणार असाल, तर एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे: शनिवारी रात्रीच्या प्रयोगानंतर धरायच्या या गाडीच्या तिकिटावर तारीख रविवारची असायला हवी. अनेक जण शनिवारचे आरक्षण करून बसतात, आणि ती गाडी ते नाटकाला पोहोचण्यापूर्वीच, आदल्या मध्यरात्री निघून गेलेली असते.

रेल्वेचे आरक्षण सध्या प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, तर मोठ्या प्रयोगाची तिकीटविक्री पुष्कळदा त्याहूनही आधी सुरू होते. त्यामुळे प्रयोगाचे तिकीट काढल्यावर साठ दिवस आधीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. रेल्वेचे तिकीट थोडी रक्कम कापून रद्द करता येते. प्रयोगाचे तिकीट बहुधा परत घेतले जात नाही, म्हणून परीक्षा, लग्नकार्य आणि सणवार पाहूनच ते काढावे.

महिलांच्या गटासाठी आणि ज्येष्ठांसाठी एसटी अनेकदा अधिक परवडते. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा राज्यातला प्रवास विनामूल्य आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. शिवाय मुंबईची एसटी आपल्याला महामार्ग बसस्थानकावर, म्हणजे वस्तीत आणून सोडते. आमच्या परिसरातला निवृत्त शिक्षिकांचा एक गट याच पद्धतीने दुपारच्या प्रयोगांना जातो, आणि रिक्षाच्या वाचलेल्या पैशांतून त्यांना एक वर्ग वरचे तिकीट परवडते. आरक्षण न मिळाल्यास द्वारकेहून कसाऱ्यापर्यंत टॅक्सी आणि पुढे लोकल हा जुना मार्ग जाताना चालतो. रात्री परतताना, विशेषतः मुले सोबत असताना, त्यावर विसंबू नये.

घरची तयारी आणि प्रेक्षागृहातले काही नियम

इंग्रजी प्रयोगाला जाण्यापूर्वी कथा वाचून घ्यावी आणि दोन-तीन प्रमुख गाणी ऐकून ठेवावीत. गाण्यातली इंग्रजी बोलण्यातल्या इंग्रजीपेक्षा कानाला अवघड जाते, आणि महत्त्वाची माहिती नेमकी गाण्यातूनच पुढे सरकते. ज्या आजीआजोबांना इंग्रजीची सवय नाही, त्यांना गाडीत बसल्यावर कथा सांगावी. रंगमंचावर पुढे काय होणार हे माहीत असण्याने आनंद कमी होत नाही, हे सौभद्र पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. सर्व गाणी आधी पाठ करण्याची मात्र गरज नाही.

तिसऱ्या घंटेनंतर धावत आत शिरण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. उशिरा आलेल्यांना पुढच्या योग्य विरामापर्यंत बाहेर थांबवतात, आणि पहिला प्रवेश हाच बहुधा सर्वांत देखणा असतो. किमान पाऊण तास आधी पोहोचावे. मोठी पिशवी आत नेता येत नाही, म्हणून सामान असल्यास ते रेल्वेस्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवावे. खाण्याचे पदार्थही आत नेऊ देत नाहीत आणि मध्यंतरातले पदार्थ महाग असतात. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा पोळीभाजी गाडीत खाऊन, पोट भरलेले ठेवूनच प्रवेश करावा. आठ वर्षांखालच्या मुलांना नेण्यापूर्वी वयाची अट तपासावी, आणि त्यांना कालिदासमध्ये एक पूर्ण बालनाट्य शांतपणे पाहता येते का, हे आधी पाहावे.

परतीची गाडी पहाटे नाशिकरोडला पोहोचत असेल तर शहरापर्यंतच्या आठ-नऊ किलोमीटरची सोय निघण्याआधीच करावी. त्या वेळी सिटीलिंकची बस नसते आणि रिक्षाचे भाडे दिवसापेक्षा बरेच वाढते. सकाळी जातानाच दुचाकी स्थानकाच्या वाहनतळावर लावून ठेवावी, किंवा शेजारच्या दोन कुटुंबांनी मिळून एक रिक्षा आधी सांगून ठेवावी. एकट्याने प्रवास करणाऱ्या महिलांनी प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत थांबून पहिल्या बसने निघावे.